दुधाला लागलेला धूर

मी भित्री होते. आमच्या घरात ही गोष्ट कुणी झाकून ठेवली नव्हती, त्यामुळे आता म्हातारपणी ती सांगायला लाज वाटायचं कारण नाही. पाव्हणा आला की चहाच्या आधी माझ्या भित्रेपणाची गोष्ट निघायची. इंदी पालीला भिते, इंदी विहिरीत डोकवायला भिते, इंदीला अंगणात बैल आला तर घराच्या मागच्या दारानं बाहेर पडावं लागतं. आणि सगळ्यांत मोठा विनोद म्हणजे ज्या मोटारीवर आमचं पोट चाललं होतं, त्या मोटारीला ही पोरगी सगळ्यांत जास्त भिते. पाव्हणे हसायचे, तात्याही हसायचे. मी चुलीपाशी आईच्या पाठीमागं बसून त्या सगळ्यांचा मनातल्या मनात राग राग करायची.

मोटार म्हणजे मालमोटार. तात्या, म्हणजे माझे वडील, लढाईत मिलिट्रीच्या ट्रका चालवत. लढाई संपून घरी आले तेव्हा गावातल्या बाकीच्या शिपायांनी पेन्शनीच्या आशेवर शेती धरली. तात्यांनी मात्र कुठल्याशा लिलावात मोडीत निघालेली तसलीच एक ट्रक घेतली आणि एका दुपारी ती धुरळा उडवत कराडात आमच्या दारात आणून उभी केली. दारात म्हशीचा गोठा होता. म्हैस मागच्या परड्यात गेली आणि तिच्या जागी मोटार आली. आईनं ती गोष्ट तात्यांना कधी माफ केली नाही. "दूध देणारी माघारी आन् धूर देणारी फुडं," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. तरी पहिल्या दिवशी मोटारीला हळदकुंकू तिनंच लावलं.

आमची सकाळ त्या मोटारीच्या आवाजानं व्हायची. तात्या पुढं उभे राहून हँडल मारत. ते उलटं फिरलं तर मनगट मोडतं, हे त्यांनीच आम्हांला सांगून ठेवलं होतं, त्यामुळे मी कानात बोटं घालून चुलखंडाशी डोळे मिटून बसायची. मोटार आधी खोकायची, मग गप्प व्हायची, मग एकदम सगळ्या घराच्या फडताळातली भांडी हलवत सुरू व्हायची. आई भाकरी थापताथापता आवाज ऐकायची. "आज गार हाय," "आज तिला तेल पायजे," असं ती परातीकडं बघतच म्हणायची, आणि बहुतेक वेळा ते खरं निघायचं. आमच्या घरी सगळ्यांनाच मोटार कानांनी कळायची. तात्यांचा तर कानावर इतका विश्वास की दुसऱ्याच्या मोटारीचा आवाज ऐकून ते तिचं दुखणं सांगत. त्यांच्या कपड्यांना, पोरांच्या दप्तरांना, एवढंच काय पण आमच्या गोधड्यांनाही मोटारीचा वास असायचा. नाकाला तो इतका सवयीचा झाला होता की आम्हांला तो यायचाच नाही. पुढं जे झालं त्यात या सवयीचा वाटा मोठा आहे, म्हणून हे सांगितलं.

त्या थंडीत अक्का, माझी थोरली बहीण, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी झाली. आतली खोली तिची झाली आणि घराचा सगळा वासच बदलला. खाटेखाली शेगडी, शेगडीत ओवा आणि बाळंतशोपा, सकाळ-संध्याकाळ धुरी. डिंकाचे लाडू वळताना तुपाचा दरवळ, अळिवाची खीर, भाजलेला खारीक-खोबऱ्याचा कूट. मला लाडवातला पडलेला चुरा मिळायचा आणि तेवढ्यासाठी मी दिवसभर त्या खोलीच्या उंबऱ्यावर ठाण मांडून असायची. आईचा सगळा जीव एका गोष्टीत होता. बाळंतिणीला वारा लागता कामा नये. अक्काच्या कानात कापसाचे बोळे, डोक्याला घट्ट फडकं, खिडकीला गोणपाट. दार उघडायचं तर आधी आईला विचारायचं. अक्का कधी चिडून म्हणायची, "आये, जीव गुदमरतोय गं." आई म्हणायची, "गुदमरू दे, वारा लागण्यापरास बरं." हे वाक्य आई पुढं आयुष्यात पुन्हा कधी बोलली नाही.

अक्काचं सासर सांगलीला. तिच्या सासूबाईंचा निरोप आला की नातीला अमावास्येच्या आत आणून पोचवा. तात्यांना सांगलीच्या पेठेत शेंगांची पोती टाकायचीच होती, तेव्हा त्याच फेरीत अक्काला न्यायचं ठरलं. आणि नेमकी त्याच आठवड्यात मोटार फटफटायला लागली. पोटाखालून फाट् फाट् असा आवाज यायचा, कुणी थोबाडीत द्यावी तसा, आणि मी दर वेळी दचकायची. तात्यांनी मला हाताला धरून मोटारीखाली वाकायला लावलं. माझी भीती मोडायचा त्यांचा हा एक उपाय होता. इंजिनाकडून धुराचा एक पाइप मागं येत होता आणि मधेच दुसऱ्या पाइपाला जोडलेला होता. दोन्ही पाइपांच्या तोंडाला लोखंडाच्या चपट्या कडा, त्या एकमेकींवर बसवलेल्या, मधे पॅकिंगची चकती, आणि सगळ्यांना धरून ठेवणारा एक क्लॅम्प, दोन बाजूंना दोन बोल्ट. "ही चकती जळाली," तात्या म्हणाले. "म्हणून धूर हितनं फुटतोय. यवढंच हाय. ह्याला काय भ्यायाचं?"

पॅकिंगचा तक्ता कराडात फक्त दस्तगीर मिस्त्रींकडं मिळायचा, आणि मिस्त्री बायकापोरांसह उरुसाला गेले होते. ते येईपर्यंत अमावास्या उलटली असती. तेव्हा तात्यांनी स्वतःचं डोकं चालवलं. आमच्या भागात घरोघरी काकवी, म्हणजे उसाचा पातळ गूळ, असते. काकवी, चाळलेली राख आणि चुना त्यांनी आईच्या परातीत मळला. आई परातीसाठी तणतणत राहिली. तो काळा लगदा त्यांनी फडक्याच्या पट्टीवर थापला, जोडाला सगळीकडून गुंडाळला आणि वरून क्लॅम्प आवळला. एक बोल्ट गंजून बसला होता, तो हलेना. मग त्यांनी दुसराच आवळला, मानेच्या शिरा फुगेपर्यंत. मोटार सुरू केली. पाइप तापला, काकवी करपल्याचा गोड-कडू वास सुटला, आणि तो लगदा भाजून दगडासारखा घट्ट झाला. फाट् फाट् बंद. तात्या पालथ्या हातानं कपाळ पुसत उभे राहिले आणि सगळ्यांकडं बघत म्हणाले, "ऐका." ऐकायला काही नव्हतंच. मोटार नुसती गुरगुरत होती. त्या दिवशी घरात सगळ्यांत जास्त आनंद मलाच झाला असेल.

निघायच्या सकाळी थंडी मी म्हणत होती. चालकाच्या जागेमागं, पोत्यांच्या थप्पीच्या पुढं, तात्यांनी फळ्या ठोकून बायकांना बसायला एक खण केला होता. आईनं त्यात गाद्या-गोधड्या घातल्या. वरून आणि दोन्ही अंगांनी ताडपत्री ओढून घेतली, फटींत चिंध्या कोंबल्या आणि अक्काला बाळासकट मधे निजवून वर वाकळ टाकली. वाकळेला ओव्याच्या धुरीचा वास होता. सोबत भाकरी, लसणाची चटणी, कानवले आणि चरवीभर दूध, तोंडाला फडकं बांधून. चालकाशी बोलता यावं म्हणून पुढच्या फळीला हाताच्या पंजाएवढी खिडकी होती. तिच्यावरही आईनं फडकं अडकवलं. मी मुद्दाम तिथंच बसले. मला तात्यांची मान दिसायला हवी होती. मोटारीत बसल्यावर माझी भीती एवढ्या एकाच गोष्टीनं आवाक्यात राहायची, की मान जागच्या जागी आहे. आईचं लक्ष नसलं की मी फडक्याचं टोक उचलून तोंड त्या भोकाला लावायची. थंड वारा नाकाला झोंबायचा. "सोड ते फडकं, वारा येतोय," असं ती दटावायची आणि मी सोडायची, आणि परत उचलायची.

कासेगावपर्यंत अक्का बोलत होती. सासरच्या गमती सांगत होती, सासूबाई चहात किती गूळ घालतात याची नक्कल करत होती. पेठ नाक्याच्या आसपास ती गप्प झाली. डोकं जड झालंय म्हणाली. मग म्हणाली, मळमळतंय. आई हसली. "गाडी लागली तुला. मोटारवाल्याची लेक आन् गाडी लागतीया." आईनं तिला लिंबू हुंगायला दिलं, आवळकाठी चघळायला दिली. तरी ओकारी झाली, ती आईनं भाकरीखालच्या पानावर घेतली, आणि मग अक्का डोळे मिटून पडली. "झोप लागली," आई म्हणाली. "बरं झालं. झोपंतच सांगली ईल." मग तिनं वाकळ अक्काच्या हनुवटीपर्यंत ओढली आणि ताडपत्रीची एक फट उरली होती तीही चिंधीनं बुजवली.

मी आज हे लिहिताना तो शब्द पुन्हा पुन्हा तोंडात घोळवून बघते. आपल्याकडं माणसाला सगळं लागतंच. गाडी लागते, झोप लागते, वारा लागतो, दृष्ट लागते. एकदा लागलं म्हटलं की त्याचं कारण सापडलं असं वाटतं आणि माणूस पुढं विचारत नाही. आईनंही विचारलं नाही, आणि तिच्या जागी दुसरी कोणतीही बाई असती तर तिनंही विचारलं नसतं.

इस्लामपूर मागं पडलं आणि मला भीती वाटायला लागली. नेहमीची नव्हे. नेहमीची भीती मला ओळखता यायची, ती पोटात असायची. ही कुठून येत होती ते कळेना. बाळ सकाळपासून रडलं नव्हतं. एरवी तासातासाला घर डोक्यावर घेणारी ती पोरगी दूधही मागत नव्हती. आई म्हणाली, "गुणाची हाय. मोटारीचा झुला भावला तिला." अक्काचे गाल लालबुंद झाले होते, बाळंतपणात पांढरी फटक पडलेली ती पोरगी अशी गुलाबी दिसत होती की आई कौतुकानं म्हणाली, दृष्ट काढायला पाहिजे. मग आईही बोलेना. ती दोन्ही हातांनी कानशिलं दाबून बसली होती. पित्त झालंय, सकाळी पोटात काही नव्हतं, असं पुटपुटली आणि पोत्याला टेकली. एका खड्ड्यात मोटार आदळली. बाळाचा हात वाकळेतून बाहेर घसरला आणि तसाच लोंबत राहिला. लहान मुलाची मूठ झोपेतही मिटलेली असते. ही उघडी होती. मी "आये, बाळाचा हात बघ" म्हणाले. आई डोळे न उघडता म्हणाली, "झोपू दे गं."

मला रडू यायला लागलं होतं आणि घशाला कोरड पडली होती. माझंही डोकं ठणकत होतं. मी चरवीचं फडकं सोडून एक घोट दूध घेतलं आणि थुंकले. दुधाला धूर लागला होता. दुधाच्या बाबतीत माझी जीभ मोठी चोखंदळ होती. चुलीत ओलं लाकूड असलं, दूध थोडं धुरकटलं तरी मी पेला पुढं सरकवायची आणि आईचा धपाटा खायची. मी आईला हलवलं. "दुधाला धूर लागलाय." तेवढ्यानं मात्र तिनं डोळे उघडले, कारण हा तिच्या चुलीचा अपमान होता. शब्द जड येत होते, पण ती ठामपणे म्हणाली, "लबाड. निखाऱ्यावर तापिवलंय म्या. चाखून बघितलंय. धुराचा टिपूस न्हवता." आणि पुन्हा मान टाकली.

आई दुधाबद्दल खोटं बोलणार नाही, हे मला ठाऊक होतं. घरून निघताना धूर नव्हता तर तो आला कुठून? मी फडकं ओढून काढलं आणि त्या भोकातून ओरडले, "तात्या, दुधाला धूर लागलाय."

"चुलीचा आसंल," तात्या मान न वळवता म्हणाले.

"न्हाई. मोटारीचा हाय."

मान वळली. मला आजही ते दिसतं. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि मोटार रस्त्याच्या कडेला अशी घातली की पोती आमच्या अंगावर सरकली. उतरून त्यांनी ताडपत्रीच्या दोऱ्या सोडल्या नाहीत, चाकूनं कापल्या. उजेड आत आला. अक्काचे लाल गाल त्यांनी बघितले आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी त्यांच्यापासून मागं सरकले.

"कुसुम," त्यांनी अक्काला हाक मारली. एकदा, दोनदा. ती उठली नाही.

ऊस तुटायचे दिवस होते. रस्त्याला लागूनच एक गुऱ्हाळ चाललं होतं. तिथला म्हातारा गुळव्या धावत आला. तात्यांनी अक्काला खांद्यावर टाकून बांधावर नेलं आणि उताणी झोपवलं. डोक्याचं फडकं सोडलं, कानातले बोळे काढून फेकले. आई धडपडत खाली उतरली. तिला धड उभंही राहता येत नव्हतं, पण ती वाकळ घेऊन अक्काकडं निघाली. "आवं, असं काय करताय? वारा लागंल तिला. ओली बाळंतीण हाय." तिनं वाकळ टाकली, तात्यांनी काढली, तिनं पुन्हा टाकली. मग तात्यांनी तिचे दोन्ही हात धरले.

"वारा लागू दे," ते म्हणाले. "वाऱ्याबिगर मरंल ती. म्या बघितलंय. लढाईत, मिसरात, थंडीची दोघं जण गाडीची दारं लावून आत निजली, इंजान चालू ठेवून. सकाळी असंच गाल व्हतं त्यांचं."

आईनं हे ऐकलं आणि ती खाली बसली. तिचा हात आपोआप कपाळाकडं गेला. गुळव्या म्हणत होता, पोरीला गाडी लागली असंल, उसाचा रस पाजा. तात्यांनी बाळ उचललं, त्याची कुंची काढली, अंगावरचं सगळं काढलं आणि ते उघडं पोर त्या थंडीत वाऱ्याकडं धरून तोंडावर फुंकर घालायला लागले. त्याची मान मागं पडली होती. त्यांनी तळव्यावर टिचकी मारली. काही नाही. पुन्हा मारली. मी दातांनी परकराचं टोक चावत होते. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मग त्या पोरीनं तोंड वाकडं केलं आणि मांजराच्या पिलासारखा आवाज काढला. तात्यांनी ती माझ्या हातात दिली.

"हिला रडवत ऱ्हा," ते म्हणाले. "गप झाली की चिमटा काढ. निजू देऊ नगंस."

असलं काम मला आयुष्यात पुन्हा मिळू नये. मी बांधावर वाऱ्याला तोंड करून बसले आणि माझ्या भाचीला चिमटे काढत राहिले. ती रडली की माझा जीव तुटायचा आणि गप्प झाली की त्याहून जास्त. तिच्या पायावर लाल वळ उठले. शेजारी अक्का होती. आई तिच्या गालांवर पाणी मारत होती, नाव घेत होती, आणि मधूनच वाकळेकडं हात नेऊन परत घेत होती. अखेर अक्काला उबळ आली. तिनं डोळे उघडले, कोण कोण आहे ते तिला कळेना. मग ओळख पटली आणि तिनं पहिला शब्द काढला तो बाळाचा. तिला दिसावं म्हणून मी बाळाला आणखी एक चिमटा काढला.

तात्या मोटारीत शिरले होते. त्यांनी आमच्या बसायच्या जागेखालची फळी उचकटली. फळीची खालची बाजू काजळीनं काळी झाली होती, पंख्याच्या आकारात. मला त्यांनी ती हाक मारून दाखवली नाही. मी स्वतःच बघितली, बाळाला घेऊन जवळ जाऊन. खालून बघितला तर जोड शाबूत दिसत होता. लगदा घट्ट बसलेला, कुठं चीर नाही. वरून मात्र लगदा सुटला होता आणि लोखंडाच्या दोन कडांमधे नखभर फट होती. एकच बोल्ट आवळल्यामुळं जोड एका अंगाला ओढला गेला होता आणि दुसऱ्या अंगाला उघडला होता. तेवढ्यातून धूर बिनआवाजी, सरळ वर, फळीच्या भेगांतून आमच्या खणात येत होता. तात्यांनी दोन्ही वेळा खालून बघितलं होतं आणि बाकी कानावर सोपवलं होतं.

पाइप निवेपर्यंत तात्यांनी हत्यारं काढून ठेवली. मग त्यांनी गंजलेल्या बोल्टावर रॉकेल सोडलं, छिन्नी लावून तो तोडला आणि त्याच्या जागी घालायला दुसरा काढून ठेवला. लगदा खरवडून काढला. दोन्ही कडा कानशीनं घासून उजळ केल्या. पत्र्याच्या पेटीत इंजिनाचं एक जुनं तांब्याचं पॅकिंग होतं, त्यातून चकती कापली आणि गुऱ्हाळाच्या चुलवाणात लाल करून पाण्यात टाकली. त्यानं तांबं मऊ पडतं, म्हणजे दाबलं की कडांना धरून बसतं. आता बोल्टाचं डोकं वरून धरायला आणि नट खालून फिरवायला दोन माणसं हवी होती. गुळव्या कढई सोडून येऊ शकत नव्हता, रस काकवीवर आला होता. तेव्हा आई उठली. तिनं लुगड्याचा काष्टा घट्ट केला, मोटारीत चढली, फळीच्या भोकाशी गुडघे टेकून बसली आणि पाना हातात घेतला. त्या दिवसापर्यंत तिनं मोटारीच्या एका खिळ्याला हात लावला नव्हता.

"ह्याला एक पीळ," खालून तात्या म्हणायचे. "आता त्याला. धर. आता परत ह्याला." दोन्ही बाजू सारख्या दाबत दाबत त्यांनी जोड बसवला आणि मोटार सुरू केली. तात्यांनी डोकं कलतं केलं.

"आवाज न्हाई," ते म्हणाले.

"आवाजाचं मला सांगू नगा," आई म्हणाली.

ती खाली उतरली, चुलवाणाच्या तोंडाशी गेली आणि ओंजळभर बारीक राख घेऊन आली. तात्यांना काय हवं ते तिला कळलं होतं की तिला काय हवं ते तात्यांना, कुणास ठाऊक. त्यांनी ओलं गोणपाट घेऊन मागच्या बाजूला पाइपाच्या तोंडात दाबून धरलं, म्हणजे धुराला बाहेर जायला वाट नाही आणि तो फटी शोधणार. आई वाकली आणि जोडावर चिमटीनं राख सोडत गेली, सगळीकडून. एका जागी राख बसेना. ती उडाली.

"हितं उडतीया," ती म्हणाली.

तात्या पुन्हा खाली शिरले. पुन्हा एक पीळ ह्याला, एक त्याला. पुन्हा गोणपाट, पुन्हा राख. आईनं तीन-चारदा त्यांना खाली पाठवलं. ते एकदाही उलट बोलले नाहीत. अखेर राख जिथं टाकली तिथं पडून राहिली. आई तिच्याकडं पुष्कळ वेळ बघत बसली. मग तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि तिला रडू कोसळलं, त्या जोडाकडं बघत, मोठ्यानं, तात्यांसमोर आणि परक्या गुळव्यासमोर. मी तिला तसं आधी बघितलं नव्हतं.

धुरातल्या त्या वायूचं नाव आता शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. आम्हांला नाव कळून काही फरक पडला असता असं मला वाटत नाही. वास आला नाही, आवाज आला नाही, आणि तो आमच्यातल्या प्रत्येकाला वेगवेगळ्या नावानं भेटला.

सांगलीला आम्ही उघड्या मोटारीतून, दिवस कलायच्या आत पोचलो. अक्काच्या सासूबाई दारात तुकडा ओवाळायला उभ्या होत्या. उघड्या डोक्याची सून बघून त्यांच्या भुवया चढल्या, पण आईचा चेहरा बघून त्यांनी तुकडा ओवाळला आणि आम्हांला आत घेतलं. डॉक्टर आले, त्यांनी अक्काला आणि बाळाला तपासलं, दोन-चार दिवस उघड्यावर मोकळी हवा खाऊ द्या म्हणाले. आई तिथंच राहिली. बाळाच्या पायावरचे वळ बघून सासूबाईंनी विचारलं, हे काय. अक्कानं बाळ जवळ ओढून घेतलं आणि माझ्याकडं बघून हसली. त्या हसण्यावर मी अजून जगते. ती पोरगी आता स्वतः आजी आहे.

पोती टाकून दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या आणि मी, दोघंच कराडला निघालो. त्यांनी मला मागं बसू दिलं नाही. मी त्यांच्या शेजारी पुढं बसले, दोन्ही अंगांनी वारा भणाणत होता. आष्टा गेलं, गुऱ्हाळ गेलं. तिथं त्यांनी मोटार थांबवली नाही. मी खिडकीबाहेर ऊस बघत होते, आदल्या रात्रीच्या जागरणानं डोळे जड झाले होते.

"इंदे," तात्या म्हणाले. "बोल कायतरी."

मी शाळेचं सांगितलं. मैत्रिणींचं सांगितलं. म्हशीचं सांगितलं. माझं बोलणं संपलं तसे ते म्हणाले, "पाढं म्हण." मी पाढे म्हणायला लागले. बे एके बे. मोटारीच्या आवाजावर आवाज काढून म्हणावे लागत होते. मधे श्वास घ्यायला थांबले की ते रस्ता सोडून माझ्याकडं बघायचे. "इंदे?" "व्हय, तात्या." "फुडं म्हण." एकदा मी गंमत म्हणून जरा जास्तच थांबले. त्यांनी मोटारीचा वेग कमी केला आणि हात पुढं करून माझी हनुवटी आपल्याकडं वळवली. माझे डोळे उघडे आहेत ना ते बघितल्याशिवाय त्यांनी ती सोडली नाही. मी पुन्हा गंमत केली नाही. पाढे संपले तसे पावकी म्हटली, निमकी म्हटली, चुकली तिथं चुकीची म्हटली. तात्यांना चुका कळत नव्हत्या.

कराड आलं. मोटार आमच्या अंगणात शिरली, तात्यांनी इंजिन बंद केलं. एकदम सगळीकडं शांत झालं. मागच्या परड्यात म्हैस हंबरली. माझा घसा बसला होता, म्हणून मी थांबले आणि उतरायला पाय खाली टाकला. तात्या उतरले नव्हते. दोन्ही हात चाकावर ठेवून ते समोरच्या भिंतीकडं बघत बसले होते.

"म्हण," ते म्हणाले. "थांबू नगंस."

मी पाय परत वर घेतला, त्यांच्या शेजारी बसले आणि बे एके बे पासून सुरुवात केली.